साडेआठशे किलोमीटर पंचावन्न मिनिटांत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर-नागपूर विमानसेवेवरच्या आपल्या बातमीखाली एक चौकट होती : 'अंतर ८५० किमी, वेळ फक्त ५५ मिनिटे'. माझी नोकरी भूमापन खात्यात, तेहतीस फुटी साखळी ओढण्यात गेली. त्यामुळे अंतराचा आकडा दिसला की हात आपसूक पेन्सिलीकडे जातो. हा हिशेब खरा मानला तर विमान ताशी सव्वानऊशे किलोमीटरने जायला हवे, तेही धावपट्टीवर रांगतानाचा वेळ धरून!

झाले असे की अंतर घेतले रस्त्याचे आणि वेळ घेतली आकाशातली. साडेआठशे किलोमीटर सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळवरून गाडीने जाणाऱ्याला. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, साधारण १६.७ अक्षांशावर आणि ७४.३ रेखांशावर; नागपूरचा सोनेगावला, २१.१ आणि ७९ वर. सरळ रेघ ओढली तर अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास भरते. गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मात्र पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला अशी अख्ख्या राज्याला वळसा घालून नागपूर गाठते. एका गावाची ही तीन अंतरे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. त्यांची सरमिसळ तेवढी नको.

आता वेळेचे. सातशेला जेटच्या वेगाने भागले की पंचावन्न मिनिटे येतात, चौकटीतला आकडा बहुधा तिथूनच आला असावा. पण तिकिटावर छापतात तो वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळते, वर चढताना त्याचा वेग कमी असतो, उतरायच्या आधी ते फेरा घेते. माझ्या तिकिटावर दीड तास होता. सवयीने घड्याळ लावून बसलो होतो : दार बंद झाल्यापासून चाके जमीन सोडेपर्यंत चौदा मिनिटे गेली. शेजारच्या गृहस्थांना वाटले, मी घाबरलोय.

आणि माझ्यासारख्या गारगोटीकराचा प्रवास उजळाईवाडीला सुरू होत नाही. बाराच्या विमानासाठी मी सकाळी आठला एस.टी.त बसलो. कोल्हापूर स्टँडवरून रिक्षा, मग काउंटर बंद व्हायच्या आत पोहोचायची घाई. नागपुरात मुलीच्या दारात पाय ठेवला तेव्हा पावणेतीन वाजले होते. पावणेसात तास! तरीही मी विमानाच्याच बाजूचा आहे. रेल्वेत रात्र काढून वर दुसरा दिवस घालवायचा, हे आता पाठीला झेपत नाही. मुंबईला जाऊन विमान बदलायचे म्हटले तर आकाशातलेच अंतर हजाराच्या आसपास जाते आणि मधले ताटकळणे वेगळे.

म्हणून विनंती एवढीच. अशी बातमी छापताना तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ द्या. किलोमीटर द्यायचे तर ते हवाई की रस्त्याचे, तेही लिहा. आणि सर्वांत आधी वार द्या. अशी विमाने बहुतेकदा रोज नसतात. मागच्या खेपेला मुलीने फोनवर 'बाबा, उद्याच या' म्हटले, मी बॅगेत गुळाची ढेपसुद्धा भरली, आणि मग कळले की पुढचे विमान तीन दिवसांनी आहे.

आपला,
एक निवृत्त भूमापक, गारगोटी (जि. कोल्हापूर)