आजीवरच्या तुझ्या कवितेविषयी

जळगाव

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी वाटायच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेली कविता वाचली. वृत्त सांभाळले आहेस. परंतु अनंताचा प्रवास, विझलेली ज्योत आणि आभाळातला तारा हे सारे कुणाच्याही आजीला लागू पडेल, आणि नेमके हेच मला खटकले.

बहिणाबाई चौधरी पुन्हा वाच. ऐन तिशीत वैधव्य आलेली, अक्षर न शिकलेली ही आसोद्याची लेक त्या प्रसंगावर बोलते तेव्हा मृत्यूचे वर्णन करीतच नाही, तर काय गेले आणि काय उरले याचा हिशेब मांडते: कुंकू पुसले गेले, पण कपाळावरचे गोंदण उरले, बांगड्या फुटल्या, तरी मनगटातली करतूत शाबूत आहे, मंगळसूत्र तुटले, पण गळ्याची शपथ कायम आहे. लोकांनी उतरवून घेतलेले आणि कुणालाच उतरवता न येणारे एकाच अंगावर शेजारी-शेजारी दाखवल्यावर शोकाचा वेगळा शब्द लागत नाही. त्या १९५१ साली गेल्या आणि सोपानदेव या मुलाने जपलेली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मागेच.

धरणगावचे बालकवी तुला अधिक जवळचे, हे मी जाणतो. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. त्यांच्या उदासीनतेला कारण सापडत नाही, हेच तिचे बळ. तुझ्या दुःखाला मात्र कारण आहे, म्हणून त्यांचा सूर तुला उसना घेता येणार नाही.

आजीच्या कोठीत भरताच्या वांग्याचे बी राखेत घोळून जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले सापडले. गाठ इतकी घट्ट की तुझ्या आईला ती दातांनी सोडवावी लागली. शेजारी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, अर्धा डबा होता. त्यातले बिबडे आम्ही तळून खाल्ले, कारण ठेवून ते खवटच झाले असते. (काकूला हे आवडले नाही.) बी मात्र पेरायला ठेवले आहे. असले काही तुझ्या कवितेत हवे होते. तुझ्या चौथ्या ओळीत, ती तुझी वेणी घालताना ओव्या म्हणे तिथे, ते आलेही आहे. ती ओळ काढू नकोस, तिच्यापासूनच सुरुवात कर आणि तारा वगळ.

छापखान्यात मजकूर शुक्रवारी द्यायचा आहे, तेव्हा गुरुवारी रात्रीपर्यंत पाठव.

तुझे,
बाबा