नर्व्ह ब्लॉकचा दावा नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : आईच्या उपचाराचा नामंजूर केलेला दावा पुन्हा तपासणेबाबत.

महोदय,

‘वेदनाशामक इंजेक्शन, ओपीडीत शक्य, २४ तास दाखल नाही’ एवढा शेरा मारून आपण आईच्या नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे दुखरी नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा, दावा परत पाठवलात. हे इंजेक्शन कंपाउंडरने दंडावर टोचलेले नाही.

आईला डाव्या बरगडीवर नागीण उठली होती. खपल्या पडल्या, दुखणे मात्र मुक्कामाला राहिले. तीन महिने उलटूनही ते थांबले नाही, तेव्हा डॉक्टरांनी पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया असे निदान लिहिले. विषाणूने नसच दुखावलेली असते, त्यामुळे कातडी साफ दिसते आणि आतून आग होते. जन्मभर इरकल नेसलेली बाई, पदर घासतो म्हणून गाऊनवर आली; तोही त्या बाजूने चिमटीत धरून चालायची. प्रीगॅबालिन या नसेच्या दुखण्यावरच्या औषधाने दुखणे थोडे कमी झाले, पण झापड आणि चक्कर इतकी की न्हाणीत पडता पडता वाचली. कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्याही लावून झाल्या. मग भूलतज्ज्ञांनी ब्लॉक सुचवला.

त्यासाठी ऑपरेशन थिएटर लागले. सोनोग्राफीत बघत बरगडीच्या खालच्या कडेशी सुई नेऊन नसेभोवती भुलीचे औषध आणि स्टेरॉइड सोडतात. तिथून फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ. सुई जरा आत गेली तर छातीत हवा भरते, म्हणून नंतर ऑक्सिजन आणि बीपी तपासत आईला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. हे डे केअर, म्हणजे २४ तासांच्या आत घरी सोडतात तो रुग्णालयातला उपचार, नाही तर काय? मोतीबिंदूवाल्याला आपण २४ तास झोपवून ठेवता का?

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीचे नेमके कलम द्यावे लागते आणि दावे पुनरावलोकन समितीची मंजुरीही लागते. आपल्या पत्रात कलम नाही, समितीचा उल्लेखही नाही. हप्ता उशिरा गेला की मात्र आपले मेसेज कलमासकट येतात.

कलम कळवा, नाहीतर बिल मंजूर करा. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. गरज पडल्यास डॉक्टर आणखी एक ब्लॉक देणार आहेत. त्याचे काय करणार, तेही याच उत्तरात लिहावे.

आपली,
पॉलिसीधारक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : नकारपत्र, डिस्चार्ज कार्ड, थिएटरमधील नोंद, बिले (सर्व झेरॉक्स)