अकरा महिन्यांत पॅड भरला, प्रिंटर बंद : तक्रार पत्र

सातारा
दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (प्रिंटर), मुख्य कार्यालय

विषय : वॉरंटीतील इंक टँक प्रिंटरचा वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारी आतली गादी) मोफत बदलून मिळणे, तसेच खोक्यावर व वेबसाइटवर न दिलेल्या माहितीबाबत.

संदर्भ : १) खरेदी पावती, १८ जून २०२४. २) कॉल सेंटरकडील तक्रार, ९ मे २०२५. ३) सर्व्हिस सेंटरचे अंदाजपत्रक, १६ मे २०२५, रु. १,७७०.

महोदय/महोदया,

वर दिलेल्या पावतीचा ऑल-इन-वन प्रिंटर ९ मेपासून बंद आहे. वॉरंटी एक वर्ष किंवा ३०,००० पाने, यांतले जे आधी संपेल तोवर. वर्ष पुरे व्हायचे होते आणि मशीनच्या स्वतःच्या स्टेटस शीटवर एकूण १,८६० पानांची नोंद आहे (काळी १,४१०, रंगीत ४५०). तरीही सर्व्हिस सेंटरचे उत्तर असे, की वेस्ट इंक पॅड हा ‘कन्झ्युमेबल’ (वापरून संपणारी वस्तू) आहे, तो वॉरंटीत बसत नाही, १,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी भरा. वॉरंटी कार्डावर वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. तीत शाई आहे, पॉवर केबल आहे, पडझडीने झालेले नुकसान आहे. पॅड हा शब्द त्यात कुठेही नाही.

कॉल सेंटरने पुन्हा तेच तेच सांगू नये म्हणून लिहितो : ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, दुसऱ्या यूएसबी केबलने जोडून पाहिला, कागद अडकलेला नाही, चारही टाक्यांत शाई आहे, बंद पडण्याच्या आदल्या दिवशीचा नोझल चेक (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची चाचणी-छपाई) चारही रंगांत अखंड आहे. बिघाड कुठलाच नाही. मशीनच्या मेमरीतला एक आकडा मर्यादेला टेकला, एवढेच झाले आहे. हा आकडा प्रत्यक्ष शाई मोजत नाही. किती वेळा हेड क्लीनिंग (छपाईच्या हेडमधून शाई ओढून नोझल साफ करणे) झाले, कडेला पांढरी पट्टी न सोडता फोटो किती छापले, यावरून पॅडमध्ये किती शाई गेली असेल याचा तो अंदाज बांधतो. हा आकडा भरला की छपाई थांबते, आणि या मॉडेलात स्कॅनरसुद्धा. स्कॅन करायला शाईचा थेंबही लागत नाही, तो का अडवला याचे उत्तर कॉल सेंटरकडे नव्हते.

आता शाईचा हिशेब. काळ्या शाईची बाटली १०० मिलिची, किंमत ५५० रुपये, खोक्यावर दावा ६,००० पानांचा. म्हणजे पानाला ०.०१७ मिलि आणि सुमारे ९ पैसे. या दराने १,८६० पानांना ३१ मिलि लागायला हवी होती. टाकीवरच्या खुणांवरून प्रत्यक्षात गेली आहे ८५ मिलि. घरची पाने कंपनीच्या चाचणीच्या पानांपेक्षा काळी असतात म्हणून दीडपट धरा, ४७ मिलि. पहिल्या भरणीत नळ्या आणि हेड भरायला सढळ हाताने २० मिलि धरा. तरी १८ मिलि उरतातच. क्लीनिंग चारही रंगांची शाई एकाच वेळी ओढते, त्यामुळे चारांचे मिळून हे सत्तर मिलिच्या घरात जाते. ती शाई कागदावर आली नाही, पॅडमध्ये गेली.

तरीही काळ्या पानाचा शाईखर्च २५ पैसेच येतो, आणि तो महाग नाही हे आधीच कबूल करतो. तक्रार त्या पैशांची नाही. पॅडचे १,७७० रुपये याच १,८६० पानांवर वाटले तर पानामागे ९५ पैसे होतात, म्हणजे शाईच्या जवळपास चौपट, आणि हा खर्च विकत घेण्याआधी कुठेही दिसत नाही.

एवढे क्लीनिंग झाले कसे? त्यातले बरेचसे मशीनने आपणहून केले. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि नोझल झाकले जातात. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला, किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड जिथे असेल तिथे उघडे राहते. पाण्यावर आधारलेली शाई नोझलच्या तोंडाशी सुकते आणि पुढच्या वेळी सुरू करताच मशीन आधी क्लीनिंग करते. आपल्याकडे काम झाले की बोर्डावरचा स्विच बंद करणे ही घरोघरची शिस्त आहे, आणि ती चांगली शिस्त आहे. बटण आधी आणि स्विच नंतर, ही सूचना मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती प्लगजवळ स्टिकर लावून का सांगता येत नाही? दोन रुपयांचा स्टिकर आहे.

बाकीचे क्लीनिंग तुमच्याच सल्ल्याने झाले. फेब्रुवारीत निळ्या रंगात रेघा येत होत्या तेव्हा फोनवर सांगण्यात आले की लागोपाठ तीन वेळा पॉवर क्लीनिंग (जोरदार सफाई) करा. तुमचे मॅन्युअल सांगते की साधे क्लीनिंग आणि नोझल चेक तीनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटर बारा तास तसाच ठेवा, मग पुन्हा पाहा, आणि पॉवर क्लीनिंग अगदी शेवटचा उपाय म्हणून करा. त्यात शाई भरपूर जाते हेही तिथेच लिहिले आहे. तुमच्या माणसाने मॅन्युअल वाचलेले नाही आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाच्या पॅडवर पडला.

खरेदीच्या वेळी दिशाभूल झाली ती अशी. तुमच्या वेबसाइटवर ‘तुमच्यासाठी योग्य प्रिंटर’ सुचवणारे पान आहे. ते महिन्याला किती पाने, रंगीत हवे का, वाय-फाय हवे का, हे विचारते. सलग किती दिवस प्रिंटर बंद राहतो, हे विचारत नाही. घरच्या प्रिंटरबाबत पहिला प्रश्न तोच हवा. आठवड्याला चाळीस पाने, मध्येच दहा-बारा दिवस काही नाही, मग मुलांच्या प्रोजेक्टला एकदम पन्नास, असा वापर असेल आणि रंगाची गरज कधीमधीच असेल, तर तुमचाच एकरंगी लेझर जास्त भरवशाचा ठरला असता. टोनर ही कोरडी पूड आहे, ती महिनाभर पडून राहिली तरी सुकत नाही. त्याचे पान महाग पडते हे खरे, पण ते आधी कळते. रोज थोडेथोडे रंगीत छापणाऱ्याला इंक टँक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही.

६,००० पानांच्या आकड्यालाही तारांकित तळटीप आहे : आयएसओ/आयईसी २४७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नमुन्यावर, कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने. २४७१२ म्हणजे फक्त पाच पानांचा चाचणी संच. तो कसा छापायचा आणि कसा मोजायचा हे २४७११ या दुसऱ्या मानकात आहे, आणि त्याचे नाव तुम्ही घेतलेले नाही. शिवाय ती चाचणी सलग छपाईची असते. घरात सलग छपाई कोण करतो?

तुमच्याच वरच्या किमतीच्या मॉडेलांत पॅडऐवजी मेंटेनन्स बॉक्स (वाया जाणारी शाई गोळा करणारा सुटा डबा) असतो. तो ग्राहक स्वतः बाहेर ओढून दोन मिनिटांत बदलतो. दोन मॉडेलांच्या तुलनेच्या तक्त्यात ही ओळच नाही. ब्लूटूथची आहे.

बाजारात तीन-चारशे रुपयांत ‘रिसेट मारून’ देणारे आहेत. तो मार्ग मुद्दाम घेतलेला नाही. आकडा शून्यावर आला तरी आतला नमद्यासारखा पॅड ओलाच राहतो, आणि पुढची शाई तळातून टेबलावर किंवा आतल्या सर्किटवर येते. पॅड आणि रिसेट एकत्रच व्हायला हवेत. प्रिंटर कुरिअरने पुण्याला पाठवा, ही तुमच्या केंद्राची सूचनाही मान्य नाही. भरलेल्या टाक्यांचे मशीन आडवे झाले तर शाई सांडते, ते सपाटच न्यावे असे तुम्हीच मॅन्युअलमध्ये लिहिले आहे. खोक्यावर ‘ऑनसाइट वॉरंटी’ छापलेले आहे, तेव्हा माणूस इथे पाठवावा.

म्हणून मागणी अशी की नवा पॅड बसवून काउंटर (मेमरीतला तो आकडा) रिसेट करून द्यावा, दोन्ही मोफत आणि घरी येऊन. दुरुस्तीनंतर नोझल चेकचा कागद आणि नव्या स्टेटस शीटची प्रत द्यावी. पॅड वॉरंटीत नाही असे तुमचे म्हणणे कायम असेल तर ते कोणत्या कलमाने, हे कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्यावे, फोनवर नको. आणि या मॉडेलच्या वेबपानावर पॅड, त्याची किंमत आणि तो ग्राहकाला बदलता येत नाही ही गोष्ट लिहावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी ठरते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्यात येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा साताऱ्यातच.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व सिरियल क्रमांक पावतीच्या प्रतीवर)

सोबत : खरेदी पावती, वॉरंटी कार्डाची दोन्ही पाने, स्टेटस शीट, ८ मेचा नोझल चेक, चारही टाक्यांच्या पातळीचे फोटो, १६ मेचे अंदाजपत्रक.