डोस घटला तो कोणाचा?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला वेदनाशामकांवरचा लेख काल वाचला. ‘दोन औषधे जोडा, डोस घटवा’ हा मथळा ज्यांना सुचला त्यांचे अभिनंदन. आज सकाळी चहाच्या आधीच आमच्या थोरल्या मेहुण्यांचा कोथरूडहून फोन. “पेपरात आलंय बघा, मी म्हणत नव्हतो?”

ते काय काय जोडत होते ते सांगतो. गुडघ्यासाठी ऑर्थोपेडिककडची एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, म्हणजे दोन वेदनाशामकांची एक गोळी. दाढ काढली तेव्हा डेंटिस्टने दिलेली आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉल. कणकण वाटली की स्वतःच्या अधिकारात पॅरासिटामॉल ६५०. शिवाय बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू होतीच. आणखी काय जोडायचे राहिले होते? गेल्या पावसाळ्यात पाय सुजले, रक्तातले क्रिएटिनिन वाढले (म्हणजे किडनीचे काम मंदावले), तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. निम्म्या पट्ट्या केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या. गोळ्या आपल्याकडे, नाव आणि एक्स्पायरी दुकानातल्या तुकड्यावर! पांढऱ्या लांबट गोळीकडे बघून डॉक्टरांनी तरी काय ओळखावे?

लेखातले शास्त्र चूक आहे असे माझे म्हणणे नाही. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन वेगवेगळ्या वाटांनी काम करतात, दाढ काढल्यावर दोन्ही मिळून एकटीपेक्षा जास्त आराम देतात, मान्य. पण आयब्युप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक एकाच जातीची. त्यांची जोडी लावली की आराम फारसा वाढत नाही, पोटाचा आणि किडनीचा त्रास मात्र वाढतो. हे एक वाक्य छापायला जागा नव्हती? शेजारी गुडघेदुखीच्या तेलाची पाव पान जाहिरात होती, म्हणून विचारतो.

आणि कमी डोसाचे एवढेच कौतुक असेल, तर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन-तीन औषधे) बंदी घातली ती यादी काढून बघावी. त्यात एसिक्लोफेनॅक ५० मिग्रॅ अधिक पॅरासिटामॉल १२५ मिग्रॅ ही गोळी आहे. नेहमीच्या गोळीत हेच १०० आणि ३२५ असते. म्हणजे जोडीही होती, डोसही कमी होता.

मेहुण्यांना मी फोनवर हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही काय डॉक्टर आहात का? पेपरात आलंय.” आता त्यांना तुम्हीच समजवा, खुलासा छापाल तर मथळ्याच्याच आकारात छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : आरोग्य पुरवणी हल्ली करड्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत का छापता? ती वाचणाऱ्यांत मोतीबिंदूवाले बरेच असतात. याबद्दल मी मागेही लिहिले होते, पोचही आली नाही.