अण्णांच्या सुजलेल्या पायांबद्दल

परळ, मुंबई

प्रिय संज्या,

"अण्णांचा दमा जुनाच आहे, मग हार्टच्या डॉक्टरकडे कशाला?" हे तू फोनवर विचारलंस. घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

दमा नव्हे रे, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. गिरणीत कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यातली कापसाची धूळ आणि वर विडी. परवा माझ्याच मशीनवर त्यांची फुंकायची टेस्ट केली. मी ओरडतोय, "फुंका, अजून, सोडू नका!" आणि अण्णा माझ्याकडे असे बघतायत, जसा मी वसुलीलाच आलोय.

पण मला खटकले ते पाय. मोजा काढला तरी इलॅस्टिकची खाच तशीच. बोटाने दाबलं की खळगा लवकर भरत नाही. फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सोय छान आहे. पण सगळंच फुप्फुस बिघडलं तर वळायचं कुठे? फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू दमते, पाणी पायात उतरतं. अण्णांचं तेच आहे का, हे बघायला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

बाकीच्या शरीरातल्या रक्तवाहिन्याही सुटत नाहीत. त्यांच्या आतला पेशींचा पातळ थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो, त्याने त्या सैलावतात. (या शोधाला 1998चं नोबेल मिळालं.) धूर आणि अंगात मुरलेला दाह त्या थराचं काम बिघडवतात. संशोधनात हातावर पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात, मग तो सोडल्यावर दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजतात. सीओपीडीवाल्यांची कमी रुंदावते. अण्णांना ही टेस्ट नको, उगाच खर्च. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी मात्र हवंच.

आणि एक. कफ-धाप एकदम वाढली की पुढचे काही आठवडे हार्ट अटॅकचा धोका जास्त असतो. तेव्हा छातीत दुखलं तर "कफच असेल" म्हणत घरी बसायचं नाही, काकूंनाही बजाव. ऑक्सिजनचं मशीन कुणाच्या सांगण्यावरून भाड्याने आणू नकोस. रक्तातला ऑक्सिजन फारच कमी निघाला तर डॉक्टरच सांगतील, मग रोज निदान 15 तास लावावं लागतं.

विडीचं तूच बोल. "आता सोडून काय मिळणार?" म्हणतात, माझं हसण्यावारी नेतात.

इको मंगळवारी. जुने रिपोर्ट ट्रंकेत नाहीत, काकू म्हणतात तुझ्याकडेच आहेत. शोध आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाक, नीट उजेडात काढलेले.

तुझा,
बाळ्या