वाचनालयाच्या संगणकासाठी धावून आलेल्यांचे मनापासून आभार

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुना चौकोनी मॉनिटर जाऊन १९२० × १०८० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) रुंद मॉनिटर आला. उबुंटू ही संगणकाची कार्यप्रणाली उघडल्यावर सगळं लख्ख दिसायचं, पण त्याआधीचा, ती सुरू करून देणाऱ्या 'ग्रब' या प्रोग्रामचा मेनू ताणलेला, अक्षरं फुगलेली. भरतीचे फॉर्म भरायला येणारी लेकरं संगणक बिघडला समजून परत जायची, याचं फार वाईट वाटे.

सोयाबीन काढणीच्या धांदलीत फोन घेणाऱ्या भाऊंनी शांतपणे सांगितलं, "त्या वेळी उबुंटूचा पडदा चालवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसते. फर्मवेअर, म्हणजे मशीनमधला मूळ प्रोग्राम, जे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांचा आकडा, देते तेच ग्रबले मिळते. मेनूत 'सी' दाबा अन् 'व्हिडिओइन्फो' लिहा, चालणाऱ्या आकड्यांची यादी दिसन." यादीत आमचा आकडा होता! नुसता उपाय न देता कारणही समजावलं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

ग्रबच्या सेटिंगमध्ये ६४० × ४८० ची ओळ # चिन्हामुळे बंद असते. ते चिन्ह काढून नवा आकडा लिहायचा आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं, हे एका ताईंनी सांगितलं. आता मेनू स्वच्छ दिसतो.

भाऊ, ताई, तुम्ही नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. गावातल्या सगळ्या वाचकांकडून तुम्हाला मनापासून धन्यवाद. दारव्ह्याकडे आलात तर जेवायला आमच्याकडेच या.