पार्टिशन बदलण्याआधी प्रत हवीच

संपादक महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद पेढीचे हिशेब मी संगणकावर ठेवतो. गेल्या महिन्यात ‘सी’ ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे त्यातली जागा संपत आली, म्हणून बोलावलेल्या तंत्रज्ञाने ‘डी’मधील जागा ‘सी’ला जोडायला घेतली आणि काम निम्म्यावर असताना वीज गेली. ‘डी’ पुन्हा उघडलाच नाही; शेतकऱ्यांच्या तीन वर्षांच्या हिशेबपट्ट्या त्यासोबत गेल्या.

हे काम वाटते तितके किरकोळ नाही. ‘सी’ आणि ‘डी’ ही पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले वेगळे भाग. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीतून ‘सी’ वाढवायचा, तर त्याला लागूनच उजवीकडे कोणत्याही पार्टिशनला न दिलेली जागा लागते. पण ‘डी’ लहान केला की जागा सुटते ती ‘डी’च्या शेवटी, त्यामुळे ‘सी’ वाढवण्याचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकाच राहतो, निवडता येत नाही. मग वेगळ्या सॉफ्टवेअरने ‘डी’मधील सगळा मजकूर पुढे सरकवावा लागतो, त्याला कित्येक तास लागू शकतात, आणि तेवढ्यात वीज गेली तर कोणती फाईल कुठे आहे याची नोंदच विस्कटते.

‘सी’वरची प्रत ‘डी’वर ठेवली म्हणजे बॅकअप झाला, असे आम्हीही मानत होतो; प्रत्यक्षात दोन्ही पार्टिशन एकाच डिस्कचे भाग असतात. तंत्रज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे, की आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, त्यातल्या दोन-चार फायली ग्राहकासमोर उघडून पाहाव्यात आणि यूपीएसशिवाय हे काम सुरूच करू नये. अनेकदा तर तात्पुरत्या फायली पुसून आणि डाउनलोड्सचे फोल्डर ‘डी’वर हलवूनच ‘सी’त पुरेशी जागा होते.

— एक हिशेबनीस, सांगली